मी आणि कोंड्याचा माळ

मी एक जुना नकाशा आहे, पण वर्गात जो खिळ्याला टांगलेला असतो आणि ज्याच्यावर गुरुजी छडी फिरवतात, तो मी नव्हे. तो माझा लांबचा नातेवाईक. त्याच्यावर अख्खा भारत मावतो, म्हणून त्याचा रुबाब फार. माझ्यावर जुन्नर तालुक्याचा काही भाग आहे आणि खालच्या अंगाला आंबेगाव तालुक्याची एक पट्टी आहे, एवढंच. पण मित्रांनो, त्या रुबाबदार नकाशावर तुमच्या गावची विहीर शोधून दाखवा बरं! माझ्यावर ती सापडते. निळा ठिपका दिसला की समजायचं, हीच ती.

माझा जन्म देहरादूनच्या छापखान्यात झाला. त्याच्याही आधी मोजणीची माणसं दुर्बिणी आणि तंबू घेऊन सह्याद्रीत हिंडली होती. प्रत्येक टेकडीची उंची त्यांनी मोजली. वाटेत भेटेल त्या माणसाला जागेचं नाव विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं. मग छापखान्यात माझ्यावर एकामागून एक रंग चढले. पाण्याला निळा, रानाला हिरवा, रस्त्यांना तांबडा, नावांना काळा. डोंगरांच्या वाट्याला तपकिरी रेषा आल्या. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना समोच्च रेषा म्हणतात. त्या दाटीवाटीने आल्या की चढ उभा आणि लांब लांब गेल्या की जमीन सपाट. या रेषा पाहून पाणी कुठून कुठे वाहील ते मी घरबसल्या सांगू शकतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भारी गर्व होता.

१९९२ साली मी जुन्नर भागातल्या एका कॉलेजात, भूगोल विभागाच्या लोखंडी कपाटात राहायला आलो. सुदर्शन सर हे तिथले प्राध्यापक. मला उघडण्याआधी ते हात धुऊन यायचे. दरवर्षी नव्या मुलांना ते आधी माझी घडी घालायला शिकवायचे आणि मगच मला वाचायला. मुलं माझ्यावर दोरा ठेवून अंतरं मोजायची. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे पाठ करायची. प्रत्येक जण आधी स्वतःचं गाव शोधायचा आणि सापडलं की त्यावर बोट ठेवून हसायचा. त्या बोटांचे डाग माझ्यावर अजून आहेत. ते मला मुळीच वाईट दिसत नाहीत.

वृषाली नावाची एक मुलगी मात्र पहिल्याच दिवशी माझ्यावर रुसली. ती बोरी बुद्रुकची, शेतकऱ्याच्या घरची. तिचं गाव माझ्या उजव्या कडेच्या पलीकडे, शेजारच्या कागदावर पडलं होतं. येडगावचं धरणही त्या शेजाऱ्यानेच पटकावलंय. त्याच्या अंगावर तो एवढा मोठा निळा डाग पाहिला की मला अजूनही थोडा हेवा वाटतो. वृषालीने दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले, कडेला कड जुळवली आणि बोरीपासून कॉलेजापर्यंतचा आपला एसटीचा रस्ता शोधून काढला. तेव्हापासून आमची गट्टी जमली. पुढे शिक्षण संपवून ती सरांच्याच हाताखाली कामाला लागली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्या काळात आमच्या तालुक्यातलं एक गाव झपाट्याने वाढत होतं. नाव सांगत नाही, उगीच कुणाला लाज वाटायला नको. द्राक्षं आणि टोमॅटो चांगले पिकू लागले, बाजार वाढला, दुकानं वाढली, दोन-तीन मजली घरं झाली. पूर्वी घरचा कचरा म्हणजे शेण, राख आणि भाजीची देठं. तो उकिरड्यात जायचा आणि खत होऊन शेतात परत यायचा. आता प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. त्या काही केल्या कुजेनात. गावाने सगळा कचरा ओढ्याच्या काठी टाकायला सुरुवात केली आणि वारा सुटला की बाभळींना रंगीबेरंगी पिशव्यांचा मोहर यायचा.

मग सरकारचे नवे नियम आले. कचरा वाटेल तिथे टाकायचा नाही, जागा शास्त्राने निवडायची. गावाने एक समिती नेमली. तिचे प्रमुख भिमाजीराव हे बांधकामाची कामं पाहिलेले, गडगड बोलणारे, मनाने चांगले गृहस्थ होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. ते २००१ साली सरांकडे आले आणि म्हणाले की चार महिन्यांत जागा दाखवा. सरांच्या विभागात नुकताच कॉम्प्युटर आला होता. सरांनी ते काम वृषालीवर सोपवलं.

मित्रांनो, त्या कॉम्प्युटरने माझे काय हाल केले म्हणून सांगू! एका मोठ्या पाटावर मला चिकटवलं. वृषालीने हातात उंदरासारखं एक यंत्र घेतलं आणि माझी एकेक रेषा त्याने गिरवली. दोन महिने मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. मी जे जे अंगावर वागवत होतो, ते सगळं त्या पेटीत गेलं. नद्यांचा एक थर, विहिरींचा दुसरा, रस्त्यांचा, वस्त्यांचा, चढउतारांचा, जमिनीच्या प्रकारांचा, असे पारदर्शक कागदासारखे थर झाले. मग तिने प्रत्येक विहिरीभोवती, प्रत्येक वाडीभोवती आणि नदीच्या दोन्ही काठांनी सुरक्षित अंतराच्या रेषा आखल्या. त्या रेषांच्या आत कचरा नको. उरलेल्या जागांना परीक्षेसारखे गुण दिले. जमीन सपाट असेल तर जास्त गुण, रस्ता जवळ असेल तर जास्त, पिकाऊ असेल तर कमी. सगळे थर एकावर एक ठेवले आणि ज्या जागेला सर्वांत जास्त गुण, ती पहिली.

पहिला नंबर आला तो जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या मधल्या डोंगरावरच्या एका सपाटीचा. शंभरपैकी एक्याण्णव गुण. माझ्यावर तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नाव छापलं आहे, कोंड्याचा माळ.

हे नाव ऐकून साहेब खो खो हसले. माळाच्या डोक्यात कोंडा झालाय का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, जमीन निकस असेल, धान्याऐवजी नुसता कोंडाच हाती लागत असेल, म्हणून तसं नाव पडलं असावं. सगळ्यांना ते पटलं. वृषालीने जमिनीच्या रकान्यात ‘पडीक, निकस’ असं लिहिलं आणि त्याचेच पैकीच्या पैकी गुण माळाला मिळाले. मीही काही बोललो नाही. नाव माझ्या अंगावर छापलेलं होतं, पण त्याचा अर्थ मला तरी कुठे ठाऊक होता?

आणखी एक गोष्ट मी कबूल करतो. माळाच्या कडेने माझ्यावर तुटक रेषा जाते. ती तालुक्याची हद्द. काम जुन्नर तालुक्याचं, म्हणून कॉम्प्युटरने त्या रेषेवर कात्री चालवली. पलीकडच्या आंबेगावातल्या वाड्या आणि पाणी कुठल्याच थरात आलं नाही. माझ्या तपकिरी रेषाही छातीठोकपणे सांगत होत्या की माळावरचं पाणी जुन्नरच्या बाजूला उतरतं. मग पलीकडचा विचार करायचं कारणच काय, असं मलाही वाटलं.

साहेब त्याच दिवशी सही करायला तयार होते. त्याआधी कचऱ्यासाठी जागा द्यायला अकरा गावांनी त्यांना नकार दिला होता आणि ते अगदी मेटाकुटीला आले होते. पण जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण सही करणार नाही, असं सरांनी सांगितलं. म्हणून २००२ च्या जानेवारीत एका सकाळी सर, वृषाली, साहेब आणि मी असे चौघे जीपमधून निघालो. सरांनी ओतूरच्या बाजारातून बिस्किटांचे पुडे घेतले होते. साहेबांनी त्यातले दोन घाट चढायच्या आत संपवले.

माळ अगदी माझ्यावर होता तसाच निघाला. सपाट, खडकाळ, ओसाड. साहेब खूश झाले. वृषालीने मला खडकावर पसरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई वर आली. ती झुंबरबाई, माळाच्या खाली आंबेगावच्या हद्दीत असलेल्या ढोणवाडीची. वाडीत बावीस घरं. भात, नाचणी आणि वरई पिकवणारी माणसं. माळावर वारा चांगला लागतो, म्हणून वाडीचं खळं इथेच होतं आणि ती वरई उफणायला आली होती. उफणायच्या आधी खळ्याची पूजा करतात, त्यासाठी तिच्या टोपलीत हळदीची पुडीही होती.

पाहुणे कशाला आलेत ते तिने विचारलं. साहेबांनी सरळ सांगून टाकलं. झुंबरबाईने टोपली खाली ठेवली.

“हितं न्हाई टाकायचा,” ती म्हणाली. “आमी खाली ऱ्हातो.”

साहेब चिडले नाहीत. त्यांनी तिला माझ्याजवळ बोलावलं आणि माझ्या रेषांवर बोट फिरवून पाणी कसं जुन्नरकडे वाहतं, वाडी कशी उलट्या बाजूला आहे, ते नीट समजावलं. तिनेही वाकून मला पाहिलं. माझी छाती फुगली.

“तुमचा कागद लई झ्याक हाय, पावणं,” झुंबरबाई म्हणाली, “पन पानी काय त्यो वाचून चालतं व्हय?”

सर हसले. मी नाही हसलो. मग ती वृषालीकडे वळली. या माळाला कोंड्याचा माळ का म्हणतात, हे कुणी विचारलं का, असं तिने साधंच विचारलं. वृषालीने मान खाली घातली. दोन महिने खपून तिने माझी प्रत्येक रेषा गिरवली होती, पण हे कुणालाच विचारलं नव्हतं.

झुंबरबाईने तिला हाताला धरून माळाच्या मधोमध नेलं. तिथे खडकात वीतभर रुंदीची एक भेग होती. पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याची बारीकशी धार खडकावरून येऊन त्या भेगेत गुडूप होत होती. वाडीची माणसं तिला गिळण म्हणतात. उफणताना वाऱ्याने उडालेला वरईचा कोंडा धारेबरोबर गिळणीत जातो आणि डोंगराच्या पलीकडे, वाडीच्या झऱ्यात वर येतो. म्हणून हा कोंड्याचा माळ. पणजीच्या काळापासून उफणणीच्या दिवसांत ढोणवाडीच्या बायका हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळतात.

तो झरा म्हणजे वाडीचं सगळं पाणी. विहीर नाही, नळ नाही, दुसरा ओढा उन्हाळ्यात आटतो. बावीस घरं त्या एका झऱ्यावर जगत होती आणि माझ्यावर तो झरा छापलेलाच नव्हता. मोजणीच्या माणसांच्या नजरेतून तो सुटला असेल. मला त्या क्षणी माझी घडी घालून कुणीतरी खिशात कोंबावं असं वाटलं.

साहेबांना काही हे पटेना. डोंगराच्या पोटातून आरपार पाणी जातं, ही ऐकीव गोष्ट आहे, असं ते म्हणाले. झुंबरबाई खोटं बोलते असं त्यांना वाटत नव्हतं, पण ऐकीव गोष्टीवर एक्याण्णव गुणांची जागा सोडायची कशी? सरही विचारात पडले. तेव्हा वृषाली म्हणाली की वाद नको, टाकून बघू. झुंबरबाई लगेच तयार झाली. जुना कोंडा आणि आजचा कोंडा यात फरक कळावा म्हणून वृषालीने हळद मिसळायची युक्ती सुचवली. झुंबरबाईने सुपातून वरई उफणली, पायलीभर कोंडा गोळा केला आणि पूजेपुरती चिमूट बाजूला ठेवून उरलेली सगळी हळद त्यात कालवली. सकाळी दहाच्या सुमारास तो पिवळाधमक कोंडा गिळणीने गिळला.

मग आम्ही सगळे डोंगर उतरून झऱ्यापाशी गेलो. साहेबांचे बूट गुळगुळीत होते, त्यामुळे ते निम्मा उतार बसूनच उतरले. झरा म्हणजे खडकाच्या कपारीतून येणारं पाणी आणि खाली दगडात कोरलेली ढोण, म्हणजे लांबट कुंड. समोरच्या दगडावरची सावली सरून ऊन पडलं की कोंडा येतो, असं झुंबरबाईने सांगितलं. म्हणजे दुपार होणार होती. तिने सगळ्यांना नाचणीच्या भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि झाडाखाली डुलकी काढली.

वृषाली मात्र हलली नाही. मला मांडीवर घेऊन ती पाण्याकडे पाहत राहिली. बारा वाजले, एक वाजला. एक वाळकं पान आलं, तिने दचकून पाहिलं. समोरच्या दगडावर ऊन आलं तरी पाणी स्वच्छच होतं. सरांनी घड्याळ पाहिलं. झुंबरबाई सारखी कपारीत वाकून पाहत होती. कोंडा आला नाही, तर साहेब संध्याकाळी सही करणार, हे तिला कळलं होतं. मित्रांनो, त्या दुपारी पहिल्यांदाच मला वाटलं की माझ्या रेषा चुकाव्यात. अगदी मनापासून वाटलं.

दोन वाजायला आले असतील. कपारीतून एक पिवळा कण आला. पाण्यावर गोल फिरला आणि ढोणीच्या काठाला लागला. मागून दुसरा आला, मग दहा-वीस, आणि बघता बघता ढोणीच्या कडेने पिवळी साय धरली. वृषालीने साहेबांना हलवून जागं केलं. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि कितीतरी वेळ ते हातातल्या कोंड्याकडे पाहत राहिले.

झुंबरबाईने जिंकल्याचा आव आणला नाही. ती खाली बसली, पदराने डोळे पुसले आणि मग शांतपणे बोलली.

“कोंडा दिसतो, साहेब, म्हणून आमी गाळून पितो. तुमच्या कचऱ्याचं पानी दिसायचं न्हाई. मग आमी काय गाळायचं?”

साहेबांनी ओंजळीतलं पाणी खाली सांडलं, हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि सरांना म्हणाले, “ही जागा खोडा.” परतीच्या वाटेवर त्यांनी बिस्किटांनाही हात लावला नाही.

वृषालीने जागा खोडली, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. सगळे थर तिने पुन्हा केले. या वेळी तालुक्याच्या हद्दीवर कात्री चालवली नाही. शिवाय एक नवाच थर तयार केला, नावांचा. महिनाभर ती मला बगलेत मारून वाड्यावाड्यांतून फिरली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकच प्रश्न विचारत गेली, या जागेला असं का म्हणतात? एका टेकाडाला गळती म्हणतात, तिथे वैशाखातही ओल असते. एका खळग्याला बुडी म्हणतात, तिथे पुराचं पाणी चढतं. किती माहिती माझ्या अंगावर छापलेली होती आणि मी ती नुसती नावं म्हणून मिरवत होतो! त्या महिन्यात मला जेवढं शहाणपण आलं, तेवढं देहरादूनला आलं नव्हतं.

शेवटी जागा ठरली ती त्या गावाच्याच शिवेतली दगडाची बंद पडलेली खाण. खालचा दगड एकसंध आहे, भेग नाही, हे आधी तपासून घेतलं आणि तळाला काळ्या चिकण मातीचा जाड थर दिला. गावकऱ्यांनी आधी खूप कुरकूर केली, कारण खाण त्यांच्या घरांपासून फार लांब नव्हती. पण गंमत अशी झाली की कचरा जवळ येणार म्हटल्यावर तो कमी कसा होईल, याची सगळ्यांना काळजी लागली. ओला कचरा वेगळा ठेवून त्याचं खत होऊ लागलं. साहेब स्वतः दारोदार जाऊन दोन बादल्यांचं महत्त्व सांगू लागले. बोलताना ते झुंबरबाईचा ‘मग आमी काय गाळायचं?’ हा प्रश्न हमखास विचारायचे आणि समोरचा गप्प झाला की पुढच्या दाराशी जायचे.

पुढे उपग्रहांची चित्रं आली. ती आकाशातून काढलेली, ताजी, चकचकीत. माझं काम संपलं. कपाटात तीन-चार पावसाळे माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. कुणीतरी माझ्यावर चहाचा पेला ठेवला, त्याचं गोल तळं माझ्या डोंगरावर उमटलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सर निवृत्त झाले. २००८ साली वृषाली त्याच विभागात शिकवू लागली आणि तिने मला बाहेर काढलं. आधी हात धुतले, मग मला झटकलं आणि एका पारदर्शक पिशवीत घातलं. तालुक्याच्या हद्दीच्या पलीकडे तिने निळ्या शाईने एक ठिपका काढला आणि शेजारी मराठीत लिहिलं, ढोणवाडीचा झरा. मित्रांनो, छापखान्याचे सगळे रंग एकीकडे आणि तो हाताने काढलेला ठिपका एकीकडे.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुना कागद दिसला तर त्यावर चहा ठेवू नका. आपल्या शिवारातल्या जागांची नावं मोठ्या माणसांना विचारा, ती सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा. आणि घरी तुम्हाला कुणी सांगितलं, ‘एवढा कचरा बाहेर टाकून ये’, तर जरा थांबा. मी माझे चारही कोपरे कितीदा तरी धुंडाळले आहेत. माझ्यावर गावं आहेत, वाड्या आहेत, ओढे आहेत, आता एक झराही आहे. ‘बाहेर’ नावाची जागा मात्र माझ्यावर कुठेच नाही.